जुन्या लॅपटॉपसाठी लिनक्सचा हलका डेस्कटॉप कसा निवडायचा?



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक लॅपटॉप बाद. शाळेच्या आयसीटी लॅबमध्ये कव्हर घालून ठेवलेले, घरात कपाटावर चार्जर गुंडाळून ठेवलेले असे किती लॅपटॉप असतील, तुम्हीच मोजा. आणि त्याच घरातली आठवीतली मुलगी आईचा मोबाईल रिकामा व्हायची वाट बघत बसलेली असते. तिला व्हिडिओ बघायचा असतो, बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ उघडायची असते, निबंध टाइप करायचा असतो. एवढं काम दहा-बारा वर्षं जुना लॅपटॉप अजून सहज करू शकतो, फक्त त्यावर योग्य ते बसवलं पाहिजे.

लिनक्स टाका, असं सगळेच सांगतात. मग पालक विचारतात, "सगळ्यात हलकं लिनक्स कोणतं?" माझ्या मते पहिला प्रश्न हा नसावा. सगळ्यात हलकं घेतलं आणि मुलाला त्यात वाय-फायचं बटण सापडलं नाही, तर लॅपटॉप पुन्हा कपाटावर जातो. आधी हे विचारा: ब्राउझर उघडल्यावर माझ्या लॅपटॉपमध्ये किती जागा उरते? आणि ज्याला तो वापरायचा आहे त्याला तो समजतो का? या दोन प्रश्नांतून डेस्कटॉप आपोआप ठरत जातो. कसा, ते आज सविस्तर पाहू.

डेस्कटॉप म्हणजे नेमकं काय?

एसटीचं उदाहरण घ्या. बसची चॅसी, म्हणजे इंजिन, चाकं आणि खालचा सांगाडा, कंपनीकडून येते. तिच्यावर बॉडी महामंडळाच्या स्वतःच्या कार्यशाळेत बांधली जाते: पुण्यात दापोडीला, नागपूरजवळ हिंगण्याला, संभाजीनगरला चिकलठाण्याला. एकाच प्रकारच्या चॅसीवर साधी लाल गाडी होते आणि निमआराम गाडीही होते. इंजिन तेच, पण आत बसल्यावर अनुभव वेगळा आणि वजनही वेगळं.

लिनक्समध्ये असंच आहे. कर्नल ही चॅसी, म्हणजे यंत्राशी बोलणारा गाभा. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये तो लिहायला घेतला. डेस्कटॉप ही बॉडी. खालची पट्टी, मेनू, खिडक्यांच्या चौकटी, फाइल मॅनेजर, सेटिंगची पानं हे सगळं मिळून डेस्कटॉप होतो. विंडोजमध्ये चॅसी आणि बॉडी एकत्रच विकत मिळते, म्हणून आपल्याला हा फरक माहीत नसतो. लिनक्समध्ये बॉडी आपण निवडायची असते. आणि उबंटू, मिंट, डेबियन ही नावं ऐकता ती डिस्ट्रिब्यूशनची, म्हणजे चॅसी-बॉडी जुळवून, रंग देऊन गाडी तयार करणाऱ्या कार्यशाळांची. "मी मिंट टाकलं" एवढं सांगून पुरत नाही. मिंट सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई अशा तीन बॉड्यांत मिळतं, आणि जुन्या लॅपटॉपवर या तिघांत फरक पडतो.

आधी लॅपटॉप ओळखा

विंडोज अजून चालू असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसरचं नाव, रॅम आणि डिस्क तिन्ही दिसतं. वहीत लिहून घ्या.

प्रोसेसर ३२ बिटचा की ६४ बिटचा, हे एकदा बघा. कोअर टू ड्युओ आणि त्यानंतरचे आय ३, आय ५ हे सगळे ६४ बिटचे, त्यांची काळजी नको. अडचण २००८-०९ च्या छोट्या नेटबुकांची. त्यातले ॲटम एन २७० सारखे प्रोसेसर ३२ बिटचे आहेत. डेबियनने ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं. उबंटू आणि त्याच्या घराण्याने तर त्याच्या कितीतरी आधी. क्रोम ब्राउझर लिनक्सवर ३२ बिटसाठी २०१६ पासूनच मिळत नाही. अशा यंत्रावर मुलाच्या अभ्यासाची भिस्त ठेवू नका. टायपिंगच्या सरावाला, गाणी ऐकायला ते ठेवा.

डिस्कबद्दल स्पष्टच सांगते. लॅपटॉपमध्ये जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल, तर कोणताही डेस्कटॉप बदलून जेवढा फरक पडेल त्याच्या कितीतरी पट फरक एसएसडी बसवून पडतो. चालू व्हायला तीन मिनिटं घेणारा लॅपटॉप अर्ध्या मिनिटात उभा राहतो. खर्च करायचाच असेल तर आधी एसएसडी, मग रॅम. "एक्सएफसीई बरं की एलएक्सक्यूटी बरं" हा वाद त्यानंतर.

उमेदवार कोण कोण?

एक्सएफसीईने सुरुवात करू, कारण बहुतेकांचं उत्तर इथेच मिळणार आहे. ऑलिव्हिए फूर्दाँ यांनी १९९६ मध्ये हा सुरू केला. तो आजही चालू आहे, संथ गतीने सुधारतो आहे, आणि हा संथपणाच शाळेसाठी फायद्याचा. पाच वर्षांपूर्वी ज्याने शिकला त्याला आजही सगळं जागच्या जागी सापडतं. (बोधचिन्ह उंदराचं आहे. एवढ्याशा वाहनावर केवढा भार पेलला जातो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.) मिंटच्या एक्सएफसीईत खाली एक पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजव्या कोपऱ्यात घड्याळ आणि वाय-फाय असतं. विंडोज ७ वापरलेला माणूस पाच मिनिटांत रुळतो. मात्र हीच बॉडी डेबियनमध्ये वेगळी रंगवलेली दिसते: वर एक पट्टी आणि खाली मधोमध आयकॉनची छोटी रांग. ते बघून "हे काय वेगळंच?" असं म्हणू नका. पट्टी ओढून खाली आणता येते.

शिक्षकांना याचा फाइल मॅनेजर आवडेल. त्याचं नाव थुनार. वर्गातल्या ४५ मुलांचे फोटो मोबाईलमधून आले की त्यांची नावं आकड्यांची भली मोठी शेपटी असलेली असतात. थुनारमध्ये सगळे फोटो निवडून एफ२ दाबलं की एकदम नावं बदलायची खिडकी येते. "सातवी-अ-०१" पासून ओळीने नावं मिनिटाभरात होतात. प्रोजेक्टरचंही तसंच. विंडोजची खूण असलेली कळ आणि पी दाबली की स्क्रीन दोन्हीकडे तीच हवी की वेगळी, हे विचारणारी छोटी खिडकी येते. विंडोजमधली सवय तशीच चालते.

दुसरा एलएक्सक्यूटी. तैवानमधून २००६ मध्ये सुरू झालेल्या एलएक्सडीई या डेस्कटॉपच्या वंशातला हा. २०१३ मध्ये रेझर-क्यूटी नावाच्या दुसऱ्या प्रकल्पाशी हातमिळवणी होऊन तो तयार झाला. उबंटू घराण्यातल्या लुबंटूने २०१८ च्या ऑक्टोबर आवृत्तीपासून हाच घेतला आहे. एक्सएफसीईपेक्षा थोडा हलका, दिसायला नीटनेटका. पण सेटिंग लहान लहान खिडक्यांमध्ये विखुरलेली आहेत, आणि काही गोष्टी तुम्हाला स्वतः शोधून चालू कराव्या लागतात. घरात थोडी खटपट करणारं कोणी असेल तर उत्तम. आजी-आजोबांच्या हातात एकट्याने द्यायचा असेल तर मी एक्सएफसीईच देईन.

माटे हा जुन्या नोम २ चा वारसदार. नोमने २०११ मध्ये रूप पार बदललं तेव्हा अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने जुनं रूप जपण्यासाठी हा सुरू केला आणि तिकडच्या चहासारख्या पेयाचं नाव त्याला दिलं. वजन एक्सएफसीईच्या आसपास. आवडला तर खुशाल घ्या, फार विचार करण्यासारखं काही नाही.

सिनॅमन देखणा आहे, मिंटचा मुख्य चेहरा तोच, पण ४ जीबी रॅमवर तो ब्राउझरच्या वाट्याचं खातो. नोम आणखी जड, शिवाय त्यात नेहमीची खालची पट्टीच नसते, त्यामुळे विंडोजची सवय असलेला माणूस गोंधळतो. केडीई प्लाझ्माला लोक उगाच फार जड समजतात, आता तो तेवढा राहिलेला नाही. पण जुन्या ग्राफिक्स चिपवर त्याची नक्षी जाणवते. हे तिन्ही ८ जीबी रॅम असेल तर बघा.

आणि अगदी तळाला, डेस्कटॉपच नाही, नुसता खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम. अँटीएक्स नावाच्या डिस्ट्रिब्यूशनमध्ये आइसडब्ल्यूएम असतो, तो त्यातला. १ जीबीच्या यंत्रातही तो जीव आणतो. पण तो वापरणाऱ्याकडून जास्त माहिती मागतो. हौशी माणसाला ठीक, वर्गासाठी नाही.

वजाबाकी करून बघा

आता मुख्य मुद्दा. खाली दिलेले आकडे ढोबळ आहेत. डिस्ट्रिब्यूशन, आवृत्ती आणि लॅपटॉप यांनुसार ते शे-दोनशे एमबीने इकडेतिकडे होतात. पण गणित कळायला पुरेसे आहेत.

लॅपटॉप चालू करून, काहीही न उघडता, एलएक्सक्यूटी साधारण ४५० एमबी रॅम घेतो. एक्सएफसीई ६५० ते ७०० एमबी, माटे तेवढाच. सिनॅमन १००० च्या आसपास, नोम १३०० किंवा जास्त.

आता ब्राउझर. फायरफॉक्स दोन-तीन साध्या टॅबसह ८०० ते १००० एमबी घेतो. यूट्यूबची एक टॅब आणखी ४०० एमबी. लिबरऑफिस रायटरमध्ये निबंध उघडला की २५० एमबी.

४ जीबीच्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचा वाटा गेल्यावर हातात ३८०० एमबीच्या आसपास राहतात. एक्सएफसीईचे ७००, ब्राउझरचे १०००, यूट्यूबचे ४००, रायटरचे २५० वजा करा. उरले १४५०. मुलाने आणखी दोन टॅब उघडल्या तरी लॅपटॉप अडखळणार नाही. तिथे नोम असता तर ८५० उरले असते, म्हणजे काम होतं, पण चार टॅब जास्त झाल्या की रखडायला सुरुवात.

२ जीबीच्या लॅपटॉपमध्ये हातात १९००. एलएक्सक्यूटीचे ४५०, एकाच टॅबसह ब्राउझरचे ६५०, यूट्यूबचे ४००. उरले ४००. एक्सएफसीई असता तर दीड-दोनशे. सिनॅमन असता तर वजाबाकी उणेमध्ये जाते. उणेमध्ये गेलं की लिनक्स डिस्कवरची जागा रॅमसारखी वापरू लागतं, आणि फिरणाऱ्या डिस्कवर त्याचा अर्थ माउसचा बाणसुद्धा हलेनासा होणं.

या गणितात एक गोष्ट लक्षात आली का? एलएक्सक्यूटी आणि एक्सएफसीई यांच्यात फरक दोन-अडीचशे एमबीचा. तो यूट्यूबच्या एका टॅबपेक्षाही कमी आहे. २ जीबीवर तो फरक जीवनमरणाचा, ४ जीबीवर क्षुल्लक. म्हणून २ जीबी असेल तर एलएक्सक्यूटी, ४ जीबी असेल तर एक्सएफसीई, आणि ८ जीबी असेल तर जो डोळ्यांना आवडेल तो. ४ जीबीवर दोनशे एमबी वाचवण्यासाठी मुलाला अनोळखी डेस्कटॉप देण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा त्याला वापरून झालेल्या टॅब बंद करायला शिकवा.

मोजायचं कसं, तेही सांगते. टर्मिनल उघडा. 'फ्री' हा शब्द इंग्रजी स्पेलिंगने छोट्या अक्षरांत टाइप करा, एक जागा सोडा, मग उणे चिन्ह आणि त्याला चिकटून छोटा एच. एंटर. दोन ओळींचा तक्ता येईल. त्यात 'फ्री' नावाचा स्तंभ बघून घाबरू नका, तो आकडा नेहमी लहानच दिसतो. लिनक्स रिकामी रॅम वाया न घालवता वाचलेल्या फाइल तिच्यात तात्पुरत्या ठेवतं आणि गरज पडली की लगेच मोकळी करतं. आपल्याला बघायचा तो शेवटचा स्तंभ, 'अव्हेलेबल'. आधी काहीही न उघडता तो आकडा लिहा, मग ब्राउझर आणि यूट्यूब चालू असताना लिहा. दुसरा आकडा ३००-४०० एमबीच्या खाली गेला तर डेस्कटॉप बदला किंवा रॅम वाढवा. हा प्रयोग सहावी-सातवीच्या मुलांकडून करून घ्यायलाही छान आहे. वजाबाकी, अंदाज, तुलना सगळं त्यात येतं.

बसवण्याआधी फिरवून बघा

लिनक्सची सगळ्यात मोठी सोय अशी, की लॅपटॉपवर काहीही न पुसता पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं. याला लाइव्ह म्हणतात. व्हेंटॉय नावाचा मोफत प्रोग्रॅम एकदा पेनड्राइव्हवर बसवायचा (त्या वेळी पेनड्राइव्ह पुसला जातो, त्यातलं आधी काढून घ्या), मग त्यावर डेस्कटॉपांच्या आयएसओ फाइल नुसत्या कॉपी करायच्या. एका पेनड्राइव्हवर तीन-चार बसतात. चालू करताना मेनू येतो, हवा तो निवडा. पेनड्राइव्हवरून चालू करण्यासाठी डेल आणि लेनोवोच्या लॅपटॉपवर बहुधा एफ१२, एचपीवर एस्केप किंवा एफ९, असूसवर एस्केप दाबावं लागतं.

तुलना खरी व्हायची असेल तर डेबियनच्याच वेगवेगळ्या लाइव्ह फाइल घ्या. त्या एक्सएफसीई, एलएक्सक्यूटी, माटे, सिनॅमन अशा प्रत्येकाच्या वेगळ्या मिळतात. चॅसी तीच आणि बॉडी तेवढी बदललेली, म्हणजे जो फरक दिसेल तो डेस्कटॉपचाच. पेनड्राइव्हवरून चालताना सगळं थोडं संथ असतं आणि रॅमही जास्त लागते. म्हणून लाइव्हची तुलना लाइव्हशीच करा, बसवलेल्याशी नको.

या चाचणीत तुम्ही एकटे बसू नका. ज्याला वापरायचा आहे त्याला समोर बसवा आणि काम सांगा: वाय-फाय जोड, बालभारतीची पीडीएफ उघड, आवाज वाढव, चार ओळी मराठीत टाइप कर. तुम्ही फक्त बघा. कुठे अडला ते लिहून ठेवा. त्याला न विचारता जे सापडलं, तो त्याचा डेस्कटॉप. आवाज, उजेड कमी-जास्त करायच्या कळा आणि झाकण लावल्यावर झोपून पुन्हा नीट उठतो का, हे तुम्ही तपासा. शाळेत वापरायचा असेल तर प्रोजेक्टर आणि प्रिंटर जोडूनच बघा. शाळाशाळांतून दिसणारे काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर फार छळतात.

वाय-फाय दिसलंच नाही तर निराश होऊ नका. काही जुन्या लॅपटॉपांतल्या ब्रॉडकॉमच्या चिपसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो. मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, इंटरनेट मिळेल. मिंट बसवल्यावर ड्रायव्हर मॅनेजर उघडलं की ते योग्य ड्रायव्हर सुचवतं.

मराठीचं काय?

हा प्रश्न तंत्रज्ञ मंडळी विसरतात, पण आपल्यासाठी तोच पहिला. इन्स्क्रिप्ट येत असेल तर काम सोपं आहे. एक्सएफसीईत कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटच्या पानावर जा, सिस्टिमचीच मांडणी वापरण्याची खूण काढा आणि भारतीय गटातली मराठी मांडणी जोडा. एलएक्सक्यूटीतही कीबोर्डच्या सेटिंगमध्ये हे मिळतं. यासाठी मागे वेगळा प्रोग्रॅम चालत नाही, म्हणून रॅमही लागत नाही.

इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे मराठी लिहिणाऱ्यांना आयबस किंवा फसिटिक्स हा प्रोग्रॅम आणि त्याला जोडून एम१७एन चा संच बसवावा लागतो. त्यात मराठीसाठी गमभन, मिंग्लिश असे पर्याय आहेत. गमभनवर हात बसलेल्या जुन्या ब्लॉगलेखकांना हे वाचून बरं वाटेल. थोडी रॅम जाते, पण ती जाऊ द्या.

श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये केलेल्या तुमच्या जुन्या प्रश्नपत्रिका लिनक्सवर उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. तो दोष लिनक्सचा नाही. ते फॉन्ट युनिकोड नव्हते, नव्या विंडोजवरही तो फॉन्ट नसेल तर हेच दिसतं. या निमित्ताने महत्त्वाच्या फाइल युनिकोडमध्ये बदलून घ्या.

बसवताना आणि नंतर

इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' असा पर्याय येतो. आपल्याकडे "फॉरमॅट मारलं तरी डी ड्राइव्ह सुरक्षित असतो" अशी पक्की समजूत आहे. इथे तसं नाही. डिस्क पुसणे म्हणजे सी, डी, ई सगळं पुसणे. लग्नाचे फोटो, निकालपत्रकं, बँकेची कागदपत्रं आधी बाहेर काढा आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडतात का, हे बघून मगच पुढे जा.

४ जीबीसाठी मी मिंट एक्सएफसीई सुचवते. २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, आणि शाळेत एकदा बसवलं की पुन्हा कोणी हात लावत नाही हे आपण जाणतो. लुबंटूच्या लांब मुदतीच्या आवृत्तीलाही तीनच वर्षं मिळतात. शिवाय उबंटू घराण्यात फायरफॉक्स स्नॅप या बंदिस्त स्वरूपात येतो आणि जुन्या डिस्कवर पहिल्यांदा उघडायला फार वेळ घेतो. मिंटमध्ये तो साध्या स्वरूपात असतो. २ जीबीसाठी याच कारणाने लुबंटूपेक्षा डेबियनचा एलएक्सक्यूटी मला बरा वाटतो.

बसवल्यावर दोन-तीन गोष्टी करा. एक्सएफसीईत विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये कंपोझिटरचं पान आहे. ते बंद केलं की खिडक्यांच्या सावल्या जातात आणि जुन्या ग्राफिक्सवरचा भार कमी होतो. झेडरॅम-टूल्स बसवा आणि त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ५० टक्के करा. रॅममधला न लागणारा मजकूर दाबून कमी जागेत ठेवायची ही युक्ती आहे, आणि २ जीबीवर तिचा गुण लगेच येतो. यूट्यूब अडखळत असेल तर ब्राउझरमध्ये एच२६४ीफाय हे एक्स्टेन्शन टाका. यूट्यूब नव्या पद्धतीने दाबलेले व्हिडिओ पाठवतं, ते उलगडायची सोय २०११-१४ च्या ग्राफिक्स चिपमध्ये नसते आणि सगळा बोजा प्रोसेसरवर येतो, पंखा घोंगावायला लागतो. हे एक्स्टेन्शन जुन्या एच२६४ पद्धतीचा व्हिडिओ मागतं, तो चिपला झेपतो.

मुलांसाठी असेल तर पट्टीवर उजवं क्लिक करून तिच्या सेटिंगमध्ये 'लॉक पॅनेल' करा. नाहीतर दुसऱ्या दिवशी "बाई, खालची पट्टीच गेली!" ठरलेलं. शाळेत मिंटच्या लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये पाहुण्यांसाठीचं गेस्ट सेशन चालू करा. मूल काहीही करो, बाहेर पडताच सगळं पुसलं जातं आणि पुढच्या तासाला लॅपटॉप कोरा. मात्र जपून ठेवायचं काम पेनड्राइव्हवर घ्यायला मुलांना आधीच बजावा. ॲडमिनचा पासवर्ड फळ्यावर लिहू नका.

पालकांची एक शंका नेहमी येते: "पुढे सगळीकडे विंडोजच असतं, मग आमचं मूल मागे पडणार नाही का?" केरळमधल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत कित्येक वर्षं संगणकाचे धडे लिनक्सवरच होतात, त्यासाठी तिथल्या काइट या संस्थेने स्वतःची आवृत्ती तयार केली आहे. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनेही बॉस नावाचं भारतीय लिनक्स काढलं आहे. फाइल, फोल्डर, तक्ता, सादरीकरण एका ठिकाणी नीट शिकलेलं मूल दुसऱ्या ठिकाणी आठवड्यात रुळतं. पण कार्यालयीन कामाचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालत असेल, तर शाळेत एक विंडोजचं यंत्र त्या कामापुरतं राहू द्या. सगळंच बदलायचा हट्ट नको.

आणि एक बारीक गोष्ट. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या लॅपटॉपची आतली छोटी गोल बॅटरी उतरलेली असते. चालू केल्यावर तारीख दहा-पंधरा वर्षं मागची दिसते, आणि ब्राउझर प्रत्येक साइटला "सुरक्षित नाही" म्हणतो. लोकांना वाटतं लिनक्सच बिघडलं. आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा, ती दुरुस्त करा आणि मग पान पुन्हा उघडा. ती बॅटरी कोणत्याही दुरुस्तीच्या दुकानात बदलून मिळते.